‘मला समजलं नाही, परत सांगा’

निगडीत ‘कामायनी’सारखी संस्था बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवते. पुढे भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यात सुटे भाग मोजण्याचे, पाकिटे भरण्याचे काम मिळालेच, तर ते टिकवायला हातांइतकीच जीभ लागते. म्हणून या मुलांचे भाषणशिक्षण गॅदरिंगच्या पाठ केलेल्या चार ओळींपासून सुरू होऊ नये. ‘मला समजलं नाही, परत सांगा’, ‘पगार कमी आलाय’, ‘हात लावू नका’ इथून व्हावे. चित्रकार्डे, छोटी वाक्ये, नाट्यरूप सराव आणि उत्तरासाठी थांबण्याची सवय (ही शिकवणाऱ्यालाच जड जाते) एवढे त्याला पुरते.

पालक म्हणतील, याला कोणीही फितवेल, आम्हीच बोलतो की! भीती खरी आहे; पण प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणायची सवय लागलेलाच आधी फसतो. शिवाय २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाला संयुक्त निर्णयाची व्यवस्था मानतो: ठरावीक निर्णयापुरती, ठरावीक मुदतीची, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारी. ती इच्छा त्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय कळणार कशी? आणि असे सांगणे जमते: अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९७४ साली बौद्धिक दिव्यांग व्यक्तींनीच, स्वतःच्या वतीने स्वतः बोलण्यासाठी, ‘पीपल फर्स्ट’ या आपल्या संघटनेची परिषद भरवली. ज्यांना शब्द फुटत नाहीत, त्यांनी कार्डावर ठेवलेले बोटही बोलणेच असते.