उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप

मोहोळ तालुक्यात गळीत हंगाम कानाला आधी कळतो. टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते, वटवट्याचा जकराया हे कारखाने पेटले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, आणि वळणावर ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं येतं. संपादकांना यावर चार खुसखुशीत ओळी हव्या होत्या. मी अडकलो तो टेप बसवणाऱ्या मिस्त्रीपाशी.

समोर जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर होता. मिस्त्रीनं आधी गाणं लावलं नाही, इंजिन रेस करून ऐकलं. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर असं इंजिन सेकंदाला ४५ ठोके मारतं. गिऱ्हाईक ज्या बेससाठी हटून बसतं, ती पट्टी इंजिनानं आधीच बळकावलेली असते. त्यात केबिन नाही. उघडा स्पीकर पुढं जेवढी हवा ढकलतो, तेवढीच मागून ओढतो आणि बेस हवेतच जिरतो. म्हणून मागून बंद प्लायवूडची पेटी. बाकीचा जोर मिस्त्री गायकाच्या आवाजावर, म्हणजे हजार ते चार हजार हर्ट्झवर लावतो. गिऱ्हाइकाला वाटतं, बेस वाढला. मला ही लबाडी फार आवडली.

करंटचा हिशेब मात्र लबाडीनं सुटत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर ३५-४० अँपिअरचा. दोन हेडलाइट नऊएक खातात. दोनशे वॅटचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, पूर्ण जोरात पंचवीस-तीस मागतो, कारण निम्मी वीज उष्णतेत जाते. अडीच एमएमची वायर जाऊन-येऊन सहा मीटर टाकली, तर वाटेतच एक व्होल्ट गळतो. म्हणून बॅटरीपासून थेट जाड वायर, आणि फ्यूज बॅटरीला खेटून. अर्थिंगसाठी चासीचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. रेस वाढवली की स्पीकरमधली शिट्टीही चढली, तर दोष अल्टरनेटरकडचा. मग सगळ्या अर्थ एका बोल्टला.

कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद आणि टेप चालू असतो. पहाटे सेल्फ लागत नाही. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून केबल ओढावी लागते. ते निभतं. निभत नाही ते हॉर्नचं. गाडीच्या हॉर्नची धारही नेमकी दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे मिस्त्रीनं वाढवलेल्याच पट्टीत. मागं उसाची भिंत, आरशात ऊसच. पुण्या-सोलापूरच्या हायवेवर मागच्या गाडीकडे हॉर्न सोडून दुसरं काय आहे? रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी घालणारे नियम २००० सालचे आहेत. ऊस मात्र रात्रीही वाहतो.

मिस्त्रीला विचारलं, अँपचा गेन कमी करून का देत नाही?

“देतो की. संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर मागायला येत्यात.”

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. “साहेब, दोन रात्री झोप न्हाई,” तो म्हणाला. “टेप बंद केला की स्टेअरिंगवरच डोळा लागतो.”