हिवाळ्यातील कालवा-विहार : पूर्वतयारी महत्त्वाची

ब्रिटनच्या अरुंद कालव्यांतून चालणाऱ्या ‘नॅरोबोट’ नौकांची रुंदी जेमतेम ७ फूट असते. घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या मालवाहू नौकांसाठी १८ व्या शतकात यांतील अनेक कालवे खोदण्यात आले. आज तेथे प्रामुख्याने पर्यटक विहार करतात. हिवाळ्यात गर्दी ओसरल्याने हा प्रवास अधिक शांत होतो. मात्र पूर्वतयारीअभावी तो अर्ध्यावर अडू शकतो.

नौकांना वरच्या वा खालच्या पातळीवर नेणाऱ्या जलकक्षांची, म्हणजे ‘लॉक’ची, मोठी दुरुस्ती साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात केली जाते. इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग सांभाळणारा ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ बंद मार्गांची यादी आगाऊ जाहीर करतो. बर्फ हा दुसरा अडथळा. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच खालावलेली मालवाहतूक त्यातून सावरली नाही. गोठलेल्या पाण्यातून नौका रेटल्यास तुटलेल्या बर्फाच्या धारदार कडांमुळे शेजारच्या नौकांचीही हानी होते.

वेगमर्यादा ताशी ४ मैल आणि डिसेंबरातील दिवस सुमारे ८ तासांचा. त्यामुळे टप्पे लहान ठेवणे इष्ट. केबिनमधील शेगडीतून निसटणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरू शकतो. धोक्याची सूचना देणारे यंत्र आणि हवा खेळती ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

जलमार्ग बंद असला तरी सहल संपत नाही. एकेकाळी घोडे चालत ती काठची पायवाट आज शेताशिवारांतून गावांपर्यंत नेते. वेल्समध्ये १८०५ साली खुल्या झालेल्या पॉन्टकसल्टे जलसेतूवरून पायीही जाता येते. डी नदी तेथे सुमारे ३८ मीटर खाली वाहते.