जुना तुर्की गालिचा: गाठ, रंग आणि पारख

तुर्की गालिच्याची ओळख त्याच्या गाठीपासून सुरू होते. मागावर ताणलेल्या दोन शेजारच्या उभ्या धाग्यांना लोकरीचा तुकडा वरून वेढा घालतो आणि त्याची दोन्ही टोके त्या धाग्यांच्या मधून बाहेर येतात. गाठींची एक ओळ पूर्ण झाली की आडवे धागे घालून ती फणीने ठोकून घट्ट बसवतात आणि वर आलेली लव कात्रीने सारखी करतात. पश्चिम अनातोलियातल्या गोर्देस गावाचे नाव मिळालेली ही गाठ दोन्ही बाजूंना सारखीच असते. इराणात जास्त चालणारी दुसरी गाठ एका धाग्याला पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती खालून जाते. तिने वेलींची बारीक वळणे सहज काढता येतात. तुर्की गाठीचा कल सरळ रेषा, कोन आणि ठसठशीत आकारांकडे आहे. तब्रीझसारख्या इराणी शहरांतही हीच गाठ चालते, त्यामुळे एकट्या गाठीवरून गालिच्याचा देश ठरत नाही.

गाठ फार जुनी आहे. १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्को यांना अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथील बर्फात गोठलेल्या थडग्यात एक गालिचा सापडला. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला आहे आणि त्याच्या गाठी अशाच दुहेरी वेढ्याच्या आहेत. खुद्द अनातोलियातले सर्वांत जुने मोठे नमुने सेल्जुक काळातले. कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीतले ते गालिचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या नजरेस आले. आज ते इस्तंबूलच्या तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात आहेत. मशिदीने गालिचे जपले याला कारण आहे. दान दिलेला गालिचा तिथून हलवला जात नसे, नवा आला की जुन्यावर अंथरला जाई, आणि वर पाऊल पडे ते अनवाणी. घरात जो गालिचा दोन पिढ्यांत विरून गेला असता, तो मशिदीत काही शतके टिकला.

त्यापुढच्या काळाची साक्ष युरोपीय चित्रकारांनी दिली आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात अनातोलियातले गालिचे व्हेनिसमार्गे युरोपात जात. तिथे ते इतके मोलाचे मानले जात की बहुधा जमिनीऐवजी मेजावर पसरत. हान्स होल्बाइनच्या १५३३ च्या ‘द अँबॅसडर्स’ या चित्रात दोन राजदूतांच्या मधल्या मेजावर असाच एक गालिचा आहे. लोरेन्झो लोत्तोने १५४२ च्या सुमारास व्हेनिसच्या एका चर्चसाठी रंगवलेल्या संत अँटनीच्या चित्रातही गालिचे आहेत. विणणाऱ्या बायकांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत. त्यामुळे अभ्यासकांनी या नक्ष्यांना चित्रकारांचीच नावे दिली: होल्बाइन गालिचा, लोत्तो गालिचा, मेमलिंग गालिचा. ही नावे आजही रूढ आहेत. रोमानियातल्या ब्राशोव्ह येथील ब्लॅक चर्चमध्ये शंभराहून अधिक जुने अनातोलियन गालिचे आहेत; व्यापाऱ्यांनी आणि कारागीर संघांनी चर्चला दिल्यामुळे तेही वाचले.

तुर्की गालिच्यांचे तीन प्रवाह ओळखता आले तर बाजारातला निम्मा गोंधळ मिटतो. पहिला उशाकसारख्या शहरांतल्या कारखान्यांचा. सोळाव्या शतकातले तारे आणि मोठी पदके असलेले गालिचे तिथले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांसाठी फिक्या केशरी, पिवळसर आणि हिरवट रंगांचे मोठे गालिचेही तिथेच विणले गेले. दुसरा प्रवाह दरबारी. सुलतान अब्दुलमजीद यांनी १८४३ मध्ये हेरेके येथे कापडाचा कारखाना काढला आणि १८९१ पासून तिथे गालिचेही विणले जाऊ लागले. यिल्दिझ राजवाड्यातल्या शाले इमारतीच्या दालनासाठी विणलेला सुमारे ४०० चौरस मीटरचा अखंड गालिचा हेरेकेचाच. तिसरा प्रवाह गावांचा आणि भटक्या योरुकांचा. बर्गामा, मिलास, कुला, लादिक, कोन्या ही त्यांची ठळक ठिकाणे. इथे मुली आईकडून शिकत, स्वतःच्या लग्नासाठी, घरासाठी, मशिदीत देण्यासाठी विणत. बसण्याचे गालिचे, मिहराबाच्या कमानीचे नमाजाचे गालिचे, ‘यास्तिक’ म्हणजे उशीचे अभ्रे, घोड्यावरच्या झोळ्या असे सगळेच त्यांच्या हातून झाले.

या तिसऱ्या प्रवाहाला गाठी मोजून किंमत लावणे हा मोठा अन्याय आहे. रेशमी हेरेकेत एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण शंभर गाठी असतात, गावच्या गालिच्यात दहा-पंधरा. गाठींची घनता सांगते ती कष्ट आणि धाग्याचा बारीकपणा. आकारांना मिळालेली मोकळी जागा, किनार आणि मधला भाग यांचा तोल, रंगाशेजारी रंग ठेवण्याची जाण यांतले काहीही ती सांगत नाही. जाड गाठीच्या कितीतरी बर्गामा गालिच्यांत जी ताकद दिसते, ती अनेक बारीक रेशमी गालिच्यांत शोधूनही सापडत नाही.

तुर्की गालिच्याचा प्राण रंग आहे. लाल रंग मंजिष्ठाच्या कुळातल्या झाडाच्या मुळांचा, लोकरीला तुरटी लावून चढवलेला. निळा निळीचा, त्यात जंगली वनस्पतींचा पिवळा मिसळला की हिरवा. तपकिरी अक्रोडाच्या सालीपासून, काळा मायफळ आणि लोखंडाच्या क्षारापासून. लोखंड लोकर खात जाते, म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या-तपकिरी रेघांची लव झिजून बाकीचे रंग उठावात राहतात. लोकर थोडी थोडी रंगवत असल्यामुळे एकाच रंगाच्या छटा पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात. याला ‘अब्राश’ म्हणतात. तो दोष नव्हे, त्यामुळे मोठ्या निळ्या-लाल पृष्ठभागाला जिवंतपणा येतो.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग शोधला आणि काही दशकांत असे रंग अनातोलियाच्या गावांत पोचले. त्यांतला फुक्सिन हा जांभळट गुलाबी रंग उन्हाने चटकन उडतो: लवेची टोके राखाडी, बुडाशी आणि पाठीवर मात्र भडक गुलाबी. काही नारिंगी-लाल रंग पाणी लागताच शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. निळ्यावरून मात्र वय कळत नाही, कारण कृत्रिम नीळ आणि झाडाची नीळ रासायनिकदृष्ट्या एकच. १९८१ मध्ये हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायन-शिक्षकाच्या संशोधनातून आणि मारमारा विद्यापीठाच्या साहाय्याने आयवाजिक परिसरात ‘दोबाग’ प्रकल्प उभा राहिला. त्याने गावच्या बायकांच्या हाती नैसर्गिक रंग परत दिले, सहकारी संस्थाही दिली. त्यामुळे नैसर्गिक रंग दिसला म्हणजे गालिचा जुनाच, हे अनुमान आता चालत नाही.

व्यापारात साधारण शंभर वर्षांवरच्या गालिच्याला ‘अँटिक’ आणि त्याहून कमी वयाच्या, पण नव्या नसलेल्या गालिच्याला ‘व्हिंटेज’ म्हणतात. पारख पाठीपासून करावी. हाताच्या गाठी पाठीवर किंचित वेड्यावाकड्या दिसतात आणि नक्षी तिथेही स्पष्ट असते. यंत्राच्या गालिच्यात त्या काटेकोर सारख्या असतात आणि दशा बहुधा नंतर शिवलेल्या असतात. हाताच्या कामात दशा म्हणजे ताण्याची, उभ्या धाग्यांचीच टोके. गावच्या गालिच्याचा ताणा बहुधा लोकरीचा, शहरी कामात सुती किंवा रेशमी. कायसेरीत चकाकी दिलेल्या सुताचे गालिचे मोठ्या प्रमाणावर विणले गेले आणि ते रेशमी म्हणूनही विकले जातात. विक्रेत्याच्या परवानगीने लवेतला एक धागा जाळला की उलगडा होतो: रेशमाला जळत्या केसाचा वास येतो, सुताला कागदाचा.

काही गालिच्यांत हिजरी साल विणलेले असते. सालातून त्याचे तीन टक्के वजा करून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळते; १३१९ म्हणजे १९०१-०२. अरबी लिपीतल्या दोन आणि तीन या आकड्यांत एकाच खाचेचा फरक असतो. चार गाठी उपटून नव्या बसवल्या की १३१९ चे १२१९ होते आणि गालिचा जवळपास शंभर वर्षांनी म्हातारा होतो. म्हणून आकड्याभोवतीची लव पाठीकडूनही तपासावी. तुर्कस्तानात १९२८ मध्ये अंक बदलले, तेव्हा नव्या आकड्यांतले साल बहुधा त्यानंतरचे. गावांत मात्र जुन्या सवयी टिकल्या.

ओल्या पांढऱ्या रुमालाने रंग चोळून पाहावा. गालिचा हलकेच दुमडून कानाशी धरावा. धागे तडतडले तर ताणा कुजलेला आहे. उजेडासमोर धरला की भोके, रफू आणि कसरीचे खाणे दिसते. झिजलेल्या जागी ताण्याचे फिके धागे दिसायला हवेत. तिथे रंग असेल तर तो बहुधा पेनाने भरलेला. सारखी झीज आणि नीट केलेली दुरुस्ती यांत कमीपणा नाही. अक्सराय प्रांतातले सुलतानहानी हे गाव अशा दुरुस्तीसाठीच नावाजलेले आहे. मात्र दोन टोके कापून मध्ये जोडलेला किंवा एक किनार गमावलेला गालिचा अखंड गालिच्याच्या दराने घेऊ नये.

फिकेपणाला मागणी असल्यामुळे अंतल्याभोवतीच्या शेतांत उन्हाळ्यात हजारो गालिचे रंग मवाळ होण्यासाठी पसरतात. काही जुन्या गालिच्यांची लव कातरून, रंग उडवून त्यांना एकाच गडद रंगात बुडवतात, तुकडे जोडून नवे गालिचे करतात. सजावटीला ते चालतील. जुना गालिचा म्हणून त्यांचे मोल उरत नाही. ‘उशाक’ हे नाव तर आता निव्वळ शैलीचे झाले आहे. भारतात आणि पाकिस्तानातही त्या धाटणीचे नवे गालिचे विणले जातात, तेव्हा नावाबरोबर विणकामाचे ठिकाणही पावतीवर लिहून घ्यावे. तुर्कस्तानातून जुना गालिचा बाहेर नेताना पुरातन वस्तूंबाबतचा १९८३ चा कायदा क्रमांक २८६३ लागू होऊ शकतो. संरक्षित ठरणारा गालिचा देशाबाहेर नेता येत नाही, आणि इतर जुन्या गालिच्यांसाठी तो तसा नसल्याचा संग्रहालयाचा दाखला विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वीच मागावा.