मेस बंद, खिमा चालू: मेक्सिकोचा पिकादियो पुण्याच्या गॅसवर

हा भाग ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. गॅससमोर उभं राहून पॉज-प्ले करत बसू नका, हात तेलकट असतात.

पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकाला माहीत असलेलं एक दुःख म्हणजे रविवारची संध्याकाळ. मेस बंद. मग पर्याय दोनच, ऑर्डर करा नाहीतर काहीतरी शिजवा. अशाच एका रविवारी आम्ही फ्लॅटवर पिकादियो करायला घेतला आणि साफ फसलो. तासभर शिजवूनही बटाटा कच्चा, खिमा चिवट, आणि चार जण ताटं घेऊन बसलेले. शेवटी पोहे केले.

पिकादियो म्हणजे काय? स्पॅनिशमध्ये ‘पिकार’ म्हणजे बारीक चिरणं, त्यावरून हे नाव. खिमा, बटाटा, टोमॅटो, मिरची, लसूण, जिरं. ऐकून वाटतं ना, हा तर आपला खिमा-बटाटाच? बरोबर आहे, पण गंमत अशी की यातला बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून आपल्याकडे आले, तर जिरं स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि मुळात तो रताळ्याचा! मेक्सिकोत बटाट्याला ‘पापा’ म्हणतात.

आता आमचं काय चुकलं ते सांगतो. तिकडच्या रेसिपीत बहुतेकदा बीफ असतं, आणि खिमा अर्ध्या तासात होतो. आपण घेतो बोकडाचं मटण. त्यात चरबी कमी आणि शिजायला वेळ जास्त. दुसरी चूक मोठी होती. आम्ही बटाटा आणि टोमॅटो एकदमच टाकले. टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाट्याच्या फोडींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून फोडी कडकच राहतात. डाळीत चिंच शेवटी का घालतात, हे आई सांगायची तेव्हा ऐकलं असतं तर!

तर चौघांसाठी अर्धा किलो खिमा. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून घ्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून, पण मटण आधी धुऊन समोर खिमा करून घ्या आणि थोडी चरबी घालायला सांगा. घरी येऊन खिमा धुवायचा नाही, पाणी धरून बसतो. आणि त्याच दिवशी शिजवा. मांस बारीक केलं की वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा अर्धाकच्चा कधीच खायचा नाही.

मोठ्या कढईत कांदा परतून खिमा घाला. आधी पाणी सुटेल. घाबरू नका, ते आटून चरचर आवाज येईपर्यंत थांबा. खरी चव इथेच येते, आणि इथेच सगळे घाई करतात. मग मीठ, अर्धा कप पाणी, झाकण, मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. कुकर असेल तर तीन शिट्ट्या. खिमा मऊ झाला की अर्ध्या इंचाच्या बटाट्याच्या फोडी आणि पुन्हा थोडं पाणी.

तोवर चार ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून दोन टोमॅटो, तीन पाकळ्या लसूण आणि अर्धा चमचा जिऱ्याबरोबर वाटा. तिकडची ग्वाहियो मिरची आपल्याकडे सहज मिळत नाही, पण ब्याडगीचं कामही तसंच, रंग जास्त, तिखट कमी. बटाट्यात सुरी सहज गेली की मगच हे वाटण घालून दहा मिनिटं उकळा. ओरेगॅनो हवा? पिझ्झाबरोबर आलेली पाकिटं ड्रॉवरमध्ये पडलेली असतीलच. गरम मसाला मात्र घालू नका, नाहीतर गुडलकचा खिमा-पाव आठवून रडाल. 1935 पासून ते करतायत, आपण कशाला स्पर्धा करायची?

तिकडे हे मक्याच्या तोर्तियाबरोबर खातात. आम्ही दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या काकूंकडून गरम भाकऱ्या आणल्या. कढई पुसून खाल्ली. पोह्यांचा डबा उघडावा लागला नाही.