भूकंप, भिंती आणि आपली विहारे

दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोऱ्यात भूकंप झाला. रिश्टर मापनावर त्याची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली अगर राहण्याजोगी उरली नाहीत. कोयनेच्या पाण्यावर चालणारे वीजकेंद्र आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे डोंगराच्या पोटात आहे. त्या दिवशी मुंबईचा वीजपुरवठाही विस्कळीत झाला. १०३ मीटर उंचीचे धरण मात्र टिकले. जेथे त्याच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तेथे आडव्या भेगा पडल्या. पुढे त्या बुजवून धरणाला काँक्रीटचे आधार देण्यात आले. कोयना परिसरात लहान धक्के आजही अधूनमधून बसतात. म्हणून हा विषय आपल्या दारातला आहे.

कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण. भूकंप हा देवाचा कोप मानून हात जोडून बसणे धम्माच्या अनुयायांना शोभत नाही. घर का पडते, हे समजून घेता येते.

धक्का बसला की जमीन आडवी हलते. जोते जमिनीबरोबर सरकते, जड छप्पर मात्र जागीच राहू पाहते. ही ओढाताण भिंतींना सोसावी लागते. भिंत वरचे वजन पेलते, पण आडव्या धक्क्यापुढे ती दुबळी असते. कोपरे एकमेकांत नीट गुंतलेले नसतील तर आधी तेच फाटतात, भिंत सुटी होऊन कोसळते आणि मागोमाग छप्पर खाली येते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात हेच घडले. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे जाड धाबे. झोपेतच हजारो माणसे गाडली गेली. हलक्या छपराच्या झोपड्यांनी मात्र त्या मानाने कमी जीव घेतले.

आपल्याकडे जांभ्याचे चिरे चौकोनी असतात व कौलारू छप्पर हलके असते, ही जमेची बाजू. परंतु चिरे मातीत बसविले, सांधेमोड राखली नाही किंवा जुन्या भिंतींवर नवा स्लॅब टाकला, तर ती बाजू उरत नाही.

आता आपल्या विहारांकडे पाहू. गावोगावची विहारे वर्गणीतून उभी राहतात. मुंबईकर मंडळी पगारातून पैसे धाडतात, गावातील भगिनी मजुरीतून वाटा उचलतात. एका वर्षी जोते, पुढच्या वर्षी भिंती, मग स्लॅब आणि शेवटी घुमट. घुमटाला व कमानीला देणगीदार सहज मिळतो, त्याचे नाव फरशीवर कोरले जाते. भिंतीत दडून जाणाऱ्या सळईला देणगीदार मिळत नाही. परंतु १४ एप्रिलला व वैशाख पौर्णिमेला सारा गाव त्याच छताखाली बसतो, आणि रोज संध्याकाळी आपली मुले तेथेच अभ्यास करतात.

म्हणून आमची विनंती आहे. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर व छताखाली सलग आरसीसी पट्टा घ्यावा. तो साऱ्या भिंतींना पेटीसारखे बांधून ठेवतो. कोपऱ्यांत उभ्या सळया द्याव्यात. खिडक्या कोपऱ्याला खेटून ठेवू नयेत. काम टप्प्याटप्प्याने होणार असले तरी आराखडा पहिल्याच दिवशी अभियंत्याकडून पूर्ण करून घ्यावा. जुन्या भिंतींवर स्लॅब किंवा घुमट चढविण्यापूर्वी त्या त्याला दाखवाव्यात. आपल्या समाजात आता अभियांत्रिकी शिकलेली मुले-मुली आहेत. बांधकाम समितीत त्यांना मानाने बसवावे आणि त्यांनी 'थांबा' म्हटले तर थांबावे.

घुमट एक वर्ष उशिरा झाला तरी चालेल. पट्टा मात्र मागाहून घालणे फार कठीण व खर्चाचे असते.

जयभीम!