टपालानें रत्नपरीक्षा

रत्नपारखी म्हटला म्हणजे पेढीवर वडिलांच्या शेजारीं बसून ज्याची नजर तयार झाली, असा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु ही विद्या घरबसल्याही पुष्कळशी शिकतां येते. इंग्लंडांतील सराफांच्या संघानें १९०८ सालीं तिच्या शिक्षणाची योजना हातीं घेतली व १९१३ सालीं पहिली पदविका-परीक्षा घेतली. पुढें १९३१ सालीं रॉबर्ट शिप्ले यांनीं लॉस एंजेलिस येथें जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था काढून टपालानें धडे धाडण्यास आरंभ केला. आज टपालाची जागा इंटरनेटनें घेतली आहे, एवढाच फरक.

घरीं शिकतां येतें तें शास्त्र. ब्रिटनच्या राजमुकुटांत ‘ब्लॅक प्रिन्सचें माणिक’ म्हणून मिरविणारा तांबडा खडा वस्तुतः माणिक नसून स्पिनेल आहे. डोळा फसला, तरी माप फसत नाहीं. खड्यांत शिरतांना प्रकाशकिरण किती वळतो, हें ज्यावरून समजतें तो वक्रीभवनांक. स्पिनेलचा हा अंक सुमारें १.७२, तर माणकाचा १.७६ ते १.७७ असतो. शिवाय माणकांत किरण दुभंगतो, स्पिनेलमध्यें दुभंगत नाहीं. परंतु १९०२ सालीं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नुई यांनीं ज्वालेंत माणिक घडविण्याची रीत जाहीर केली, आणि त्या माणकाचे अंक खाणींतल्या माणकासारखेच येतात! तेथें भिंग हातीं घ्यावें लागतें. आंतील वाढीच्या रेषा वक्र दिसल्या, तर खडा मानवनिर्मित समजावा.

ह्या रेषांचें चित्र पाहिल्यानें त्या खड्यांत दिसूं लागतील, असें मात्र नाहीं. जन्मभर शिक्षकाचा धंदा केल्यामुळें मला ठाऊक आहे कीं, कित्ता पाहून अक्षर वळत नाहीं, गिरवून वळतें. खडा चिमट्यांत धरणें, फिरविणें, प्रकाश बाजूनें घेणें, हें शेंकडों खड्यांवर करावें लागतें. म्हणून वरील अमेरिकन संस्था प्रात्यक्षिकासाठीं विद्यार्थ्यांस वर्गांत बोलावते. तिच्या प्रसिद्ध परीक्षेंत वीस खडे ठेवितात, व वीसच्या वीस ओळखल्यावांचून विद्यार्थी उत्तीर्ण होत नाहीं. प्रयोगशाळेंत वाढविलेला हिरा तर नुसत्या भिंगानें निश्चित ओळखतां येत नाहीं. तो उपकरणें असलेल्या तपासणी-शाळेकडे धाडणें, हेंच पारख्याचें शहाणपण.

ओळख पटली म्हणजे मोल ठरलें, असेंही नाहीं. त्या संस्थेच्या हिऱ्याच्या दाखल्यावरसुद्धां किमतीचा आंकडा नसतो. विमा उतरावयाचा असेल, तर तसाच दागिना नवा घेण्यास काय पडेल तें पाहतात. वांटणी करावयाची असेल, तर तो आहे तसा विकल्यास काय येईल तें. मोडावयाचा असेल, तर सराफ काय देईल तें. एकाच पाटलीचे तीन आंकडे, आणि तिन्ही खरे! पहिला आंकडा बहुधा सर्वांत मोठा. तोच वांटणींत धरला, तर जिच्या वांट्यास पाटली आली ती बहीण नकळत बुडते.

म्हणून पदविका मिळाल्यावर मूल्यांकनाचा अभ्यास निराळा करावा व कांहीं काळ जाणत्याच्या हाताखालीं काढावा. ज्याचें मोल आपण ठरविलें तो दागिना स्वतः विकत घेऊं नये, आणि आपली फी किमतीच्या टक्क्यांवर लावूं नये. दागिना दाखवावयास नेणारानेंही पारख्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: खडा कशावरून ओळखला? आणि हा आंकडा कोणत्या कामासाठीं काढला?