कोऱ्या रकान्याची साक्ष

सुरत-धुळे महामार्गावर नवापूर तालुक्यातलं विसरवाडी लागतं. नंदुरबारच्या या पट्ट्यात आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक बरंच आढळतं. आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते आलं, तर माणूस नुसता वाहक असतो. शेतात राबतो, पळतो, आजारी दिसत नाही. समजा, असा एखादा तरुण फौजेत गेला आणि त्याची नेमणूक सियाचीनला झाली. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. प्राणवायू कमी पडला की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, प्लीहेचा रक्तपुरवठा तुंबू शकतो. गावीच राहिला असता, तर बहुधा आयुष्यभर पत्ताही लागला नसता!

मग दुखणं कुणाचं, रक्ताचं की नोकरीचं? लष्करी पेन्शनचे नियम इथे चकित करतात. आजार सेवेमुळे उद्भवला का, एवढंच ते विचारत नाहीत. सेवेमुळे बळावला का, हेही विचारतात. म्हणजे बीज जन्मजात असलं, तरी तेवढ्यानं दावा संपत नाही.

पण सिद्ध कोणी करायचं? लष्कराच्या सिग्नल्स कोअरमधले धर्मवीर सिंग 1985 साली भरती झाले. पुढे फिट्स येऊ लागल्या. वैद्यकीय मंडळानं 20 टक्के अपंगत्व धरलं, पण सेवेशी संबंध नाही, असा शेरा मारून त्यांना घरी पाठवलं. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 1982 चे नियम उलगडले: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असं मानायचं, संबंध नाही म्हणणाऱ्या मंडळानं कारणं लिहायची, शंकेचा फायदा जवानाला. कोणीच काही न लिहिलेला रकाना कित्येक वर्षांनंतर साक्षीला उभा राहिला. धर्मवीर सिंगांना पेन्शन मिळाली.

शिवाय आजारपणामुळे सेवेतून काढलेल्याचं 20 टक्के अपंगत्व पेन्शनच्या हिशेबात 50 टक्के धरतात. सप्टेंबर 2023 पासून मात्र नवे, अधिक कडक नियम आले आहेत.

आणि एक कलम माजी सैनिकांच्या घरोघरी माहीत असायला हवं. सप्टेंबर 2023 पूर्वीच्या, म्हणजे 2008 च्या नियमांनुसार, सेवा सुटल्यावर 15 वर्षांनंतर दावा केला आणि तोवर मुदत संपून सेवेची कागदपत्रं नष्ट झालेली असली, तर पुरावा देण्याची जबाबदारी जवानावर येते. कागद नष्ट करते फौज.